मास्तरांवर निघालेला सिनेमा

आपल्यावर सिनेमा निघणार आहे हे मास्तरांना त्यांच्या लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो मिशीचा. नटाला आपल्यासारखी मिशी लावतील, की मिशीच उडवतील? सिनेमा दुःखावरचा, तोही आपल्या बायकोच्या जाण्याचा, आणि आपण मिशीची काळजी करतोय, हे त्यांच्या ध्यानात यायला चांगली दोन मिनिटं गेली. हा किस्सा पुढे ते स्वतःच रंगवून सांगायचे. "माणूस किती उथळ असावा याला काही तळ असेल, तर मला तो अजून लागलेला नाही," असं त्यांचं म्हणणं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शहर संपता संपता जिथे एकसारख्या दुमजली घरांच्या रांगा सुरू होतात, प्रत्येक घरापुढे हातभर गवत आणि गवतापुढे एक गाडी, तिथे ते एकतीस वर्षं शिकवत होते. त्या वस्तीतल्या निम्म्याअधिक लोकांनी पहिला गिअर टाकला तो मास्तरांच्या शेजारी बसून. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. मास्तरांचा उजवा पाय या दुसऱ्या ब्रेकवर इतकी वर्षं होता, की टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला तरी तो सोफ्यावर बसल्या बसल्या जमीन दाबायचा. पायाखालचा गालिचा तेवढ्याच जागी झिजला होता.

त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरांना अवजारं देणं, भेदरलेल्या पेशंटचा हात धरणं आणि त्याला बोलण्यात गुंतवणं हे तिचं काम. मास्तरांना वस्तीतला माणूस गाडीवरून कळायचा, तिला दाढांवरून. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की दोघं आपापल्या परीनं ओळख पटवायची. "क्लच जाळणारा," मास्तर म्हणायचे. "खालची डावी अक्कलदाढ," ती म्हणायची. मग दोघांना कळायचं, की माणूस एकच आहे.

एका मंगळवारी सकाळी, अवजारं उकळायला ठेवता ठेवता, तिच्या डोक्यातली शीर फुटली. वय अठ्ठावन्न. ना ताप, ना दुखणं. सकाळी डबा भरून घेऊन गेलेली बाई दुपारी नव्हती.

त्यानंतरच्या दिवसाचं काय सांगावं. घर माणसांनी भरलं होतं. मेहुणी आली होती, दवाखान्याचे डॉक्टर आले होते, दुसऱ्या शहरात राहणारी लेक रात्रभर प्रवास करून आली होती. आणि मास्तर जिन्याखालच्या कोनाड्यात उभं राहून कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीशी फोनवर भांडत होते. मशीन पाणी सोडत नव्हतं आणि वॉरंटीला नऊ दिवस उरले होते. पलीकडची मुलगी दर पाच मिनिटांनी थांबायला सांगायची, वाजंत्री लावून द्यायची, आणि मास्तर थांबायचे. चाळीस मिनिटं ते त्या कोनाड्यात होते. लेक दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला आणि सांगितलं, "बस दोन मिनिटं. सुपरवायझरला जोडतायत."

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं कोरडं पडलं. फोन व्हायचे, पण औषधं घेतली का, पाऊस आहे का, एवढ्यावर संपायचे. ती लहानपणी बुटकी होती म्हणून घरात तिला बुटकी म्हणत. पुढे ती बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ती जाहिराती करायची, डिंकाच्या, फरशीच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या. आईला जाऊन अडीच वर्षं होत आली तेव्हा तिला पहिला मोठा सिनेमा करायला मिळाला, आणि तिनं जगातले सगळे विषय सोडून आपलं घर निवडलं. मास्तर मेहुणीला म्हणाले, की पोरगी परक्यांच्या फरशा चकचकीत करायची ते बरं होतं, आता आमच्या फरशीखाली काय आहे ते दाखवणार.

बुटकी घरी आली ती एकशे दहा पानांची चळत घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती ठेवून म्हणाली, "वाचा. काही चुकलं असेल तर सांगा."

असं मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. माणसांच्या चुका काढणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि चष्मा पुसला. पाचव्या पानावर त्यांनी लिहिलं, 'आपल्याकडे मांजर नव्हतं.' नवव्यावर, 'आई चहात साखर घालत नसे.' बाराव्यावर, 'या रस्त्यावर उजवीकडे वळता येत नाही.' बाप नावाचं जे पात्र होतं ते एकंदरीत बरं वाटलं. थोडं अबोल होतं, पण भारदस्त. एकतिसाव्या पानावर ते पात्र जिन्याखाली गेलं आणि त्यानं फोन उचलला.

मास्तरांनी ते पान दोनदा वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. सुपरवायझरसुद्धा होता.

ते म्हणाले, की हे जरा एकतर्फी झालंय. बुटकी म्हणाली, की तिनं काहीच घातलेलं नाही, फक्त आठवलं ते लिहिलं. ते म्हणाले, की लोकांना वाटेल हा माणूस दगड आहे. त्यावर ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मास्तरांना फार लागलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चळत मिटली आणि जाहीर केलं, की आता पुढे वाचण्यात अर्थ नाही. खरं म्हणजे पुढे वाचायला त्यांचा जीव तुटत होता. पण एकदा रुसून बसलं, की उठायला कुणीतरी समजूत काढावी लागते, आणि ती काढणारी बाई तर त्या चळतीत मरण पावलेली होती.

तरी मास्तर त्या सिनेमात ओढले गेलेच, आणि कारण असं घडलं, की बापाचं काम करणाऱ्या नटाला गाडी येत नव्हती. पन्नाशीचा, भरदार आवाजाचा, रंगभूमीवर राजेरजवाडे गाजवलेला माणूस, पण स्टिअरिंगला आयुष्यात हात लावलेला नव्हता. पडद्यावर गाडीचा मास्तर व्हायचं तर चालवता यायला हवं. हातात दहा दिवस होते. बुटकीनं तीन दिवस दुसरीकडे चौकशी केली आणि चौथ्या दिवशी बापाला फोन केला. मास्तरांनी आढेवेढे घेतले, पण जेमतेम अर्धा मिनिटच.

अशा रीतीनं मास्तरांनी मास्तरांना गाडी शिकवायला घेतली. नटाला खरंच त्यांच्यासारखी मिशी लावली होती, आणि ती त्याला जास्त शोभत होती, याचं मास्तरांना पहिल्या दिवशी वाईट वाटलं. गडी मात्र वाईट शिकत होता. दर वळणावर तो आधी चेहऱ्यावर वळणाचा भाव आणायचा आणि मग चाक फिरवायचा, तोवर वळण निघून गेलेलं असायचं. मास्तर ब्रेक दाबून दाबून थकले.

नट विचारायचाही फार. ती गेल्यावर तुम्ही कुठल्या बाजूला झोपायला लागलात? तिचा कप वापरता का? मास्तर पहिले तीन दिवस ठोकून देत होते. आपण रोज तिच्या फोटोशी बोलतो, असं त्यांनी सांगितलं, आणि नटानं ते वहीत टिपून घेतलं. हे साफ खोटं होतं. फोटोशी बोलायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता, पण फोटोवर धूळ दिसली म्हणून ते फडकं शोधायला गेले, आणि फडकं सापडेपर्यंत काय बोलायचं ते विसरले.

चौथ्या दिवशी मात्र वेगळंच झालं. वाण्याच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ते नटाला दोन गाड्यांमध्ये गाडी मागे घेऊन लावायला शिकवत होते. नट घामाघूम झाला होता. गाडी तिरकी लागली, पुन्हा काढली, पुन्हा तिरकी लागली. "राहू द्या, इतकी सरळ कशाला हवी?" तो हसत म्हणाला. मास्तर हसले नाहीत. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले आणि मग त्यांनी त्या अनोळखी माणसाला ते सांगितलं, जे घरच्या कुणालाच माहीत नव्हतं.

त्या मंगळवारी दवाखान्यातून फोन आला तेव्हा ते शिकवणीवरच होते. शेजारी एक बँकेतला कारकून बसला होता आणि नेमकी अशीच गाडी लावत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, की तिला इस्पितळात नेतोय, ताबडतोब निघा. मास्तर हो म्हणाले, फोन खिशात ठेवला, आणि कारकुनाला म्हणाले, "थोडी पुढे घ्या. आता मागे. अजून तिरकी आहे." गाडी सरळ लागेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. तीन वेळा काढायला लावली. डॅशबोर्डवरचं घड्याळ त्यांच्या समोर होतं. अकरा मिनिटं गेली. मग त्यांनी त्याला शाबासकी दिली, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि इस्पितळात गेले. तिथे सगळं आटपलेलं होतं.

नटानं वही उघडली नाही. तो म्हणाला, की हे मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही लेकीला सांगा. मास्तर म्हणाले, की तिच्याकडे एकतिसावं पान आहे, तेवढं पुरे आहे तिला. मग विषय बदलावा म्हणून नटानंच विचारलं, की गुरुवारी शिकवणी ठेवायची का, कारण गुरुवारी त्याला चित्रीकरण नाही.

"का बरं?" मास्तरांनी विचारलं.

"त्या दिवशी मिसेसचा प्रसंग आहे ना. त्या गाडी घेऊन मुलीला भेटायला जातात तो."

मास्तर म्हणाले, की काहीतरी घोटाळा आहे, आपल्या बायकोला गाडी येत नव्हती. नट गप्प झाला. नटमंडळींना गप्प बसण्याचा सराव असतो, पण हे गप्प बसणं अगदी कच्चं होतं. 

दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्या घरी खरोखर होता, निदान त्यांची तशी समजूत होती. वीस वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं होतं. तीनच दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं एका फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि मास्तर म्हणाले, "तुझ्या हाताला चिमटाच बरा. हे तुला नाही जमायचं." ती उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. पुन्हा तिनं विषय काढला नाही, तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, की तिला पटलं.

चित्रीकरण तीन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या घरात चाललं होतं. मास्तरांच्या स्वतःच्या घरात कॅमेरा मावला नव्हता. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांच्याच घरासारखं टेबल मांडलं होतं आणि खिडकीबाहेर काळ्या कापडाचा आडोसा करून, त्यात मोठा दिवा लावून सकाळ केली होती. जेवणाची सुट्टी होती. बुटकी त्या खोट्या सकाळीत बसून पाव खात होती. मास्तरांनी दारातूनच विचारलं, की आईनं गाडी कधी शिकली.

तिनं पाव खाली ठेवला. "तुम्ही पुढे वाचलंच नाही का?" म्हणाली. तिची अशी समजूत होती, की बाबांनी सगळं वाचलं, आणि आईचा प्रसंग वाचूनही ते त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्याचाही तिला राग होता. दोघांना एकमेकांचं रुसणं असं उलटं पोचलं होतं.

मग तिनं सांगितलं. आई तिच्या शेवटच्या चार वर्षांत गाडी चालवत होती. दवाखाना बुधवारी दुपारी बंद असतो, तेव्हा डॉक्टर आपली गाडी तिला देत. बुटकी शिक्षण सोडून देण्याच्या बेतात होती, खोलीतून बाहेर पडत नव्हती, हे तिनं फक्त आईला कळवलं होतं. तेव्हा एका बुधवारी आई दोन तास गाडी चालवून तिच्याकडे आली. वर खोलीत आलीच नाही. खाली गाडीत दोघी बसल्या, डब्यातलं खाल्लं, आणि आईनं तिला शेजारी बसवून गावाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोलणं असं फारसं झालंच नाही. पाचच्या आत ती परत घरी होती, मास्तरांची शिकवणी संपायच्या आधी.

मास्तरांनी एवढंच विचारलं, की शिकली कुणाकडे. बुटकीनं सांगायला जरा वेळ घेतला. "गॉगलकडे," ती म्हणाली.

हा घाव वर्मी बसला. गॉगल म्हणजे वस्तीच्या दुसऱ्या टोकाचा गाडी शिकवणारा. ऊन असो नसो, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीत गाणी लावून शिकवायचा. मास्तर त्याला गेली वीस वर्षं रस्त्यावरचं संकट म्हणत आले होते. मेलेल्या बायकोनं परपुरुषाकडे जाणं एक वेळ परवडलं असतं, असं त्या क्षणी त्यांना वाटलं, पण गॉगलकडे शिकणं म्हणजे फारच झालं.

संध्याकाळी ते त्याच्याकडे गेले. भांडायला गेले होते, हे त्यांनी नंतर कबूल केलं. गॉगलनं दार उघडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. उजव्या डोळ्यावर पांढरट पडदा आला होता, आणि लोकांना तो दिसू नये म्हणून तो इतकी वर्षं चष्मा लावत होता. मास्तरांनी आणलेलं भांडण दारातच अर्धं सांडलं.

गॉगलनं त्यांना बसवलं आणि न विचारता सगळं सांगितलं. पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या. मास्तर लगेच म्हणाले, की घाबरली असणार. गॉगल म्हणाला, की छे, फार जोरात चालवली. परीक्षा घेणारे साहेब उतरले ते पांढरेफटक पडून. "पण तुमच्याकडच्या तीन दिवसांची सवय मोडायला मला दोन महिने लागले. सारखं शेजारी बघायच्या, मी ब्रेक दाबतोय का म्हणून."

"आणि मला का नाही सांगितलं तिनं?"

"विचारलं होतं मी. म्हणाल्या, सांगितलं की ते तपासायला बसतील."

 मास्तरांना हसू फुटलं. आवरेना. तपासायला बसले असतेच की ते. शेजारी बसून आरसा नीट केला असता, पट्टा ओढून बघितला असता, आणि पहिल्याच वळणावर पाय दाबला असता. बाईनं बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची परीक्षा घेऊन निकाल केव्हाच लावून ठेवला होता, फक्त त्यांना कळवला नव्हता. गॉगलही हसायला लागला. निघताना मास्तरांनी विचारलं, की कशी चालवायची. गॉगल म्हणाला, "मजेत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तर पुन्हा त्या खोट्या सकाळीत जाऊन बसले आणि त्यांनी लेकीला अकरा मिनिटांची गोष्ट सांगितली. डोळे टेबलावर ठेवून सांगितली, आणि मध्येच सवयीनं तिच्या पावाचे तुकडे सरळ रेषेत लावत होते. बुटकीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, की डॉक्टरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. आई दवाखान्यातच वारली होती, तुम्हाला फोन करायच्या आधी. त्या अकरा मिनिटांनी काही बदललं नसतं.

"मला तेव्हा ते माहीत नव्हतं ना," मास्तर म्हणाले.

 तिनं त्यांचा हात पावाच्या तुकड्यांवरून उचलला आणि धरून ठेवला. बाहेर कुणीतरी दिवा बंद केला आणि खिडकीतली सकाळ मावळली. दोघं अंधारात तशीच बसली. शेवटी बुटकीनं विचारलं, की हे सिनेमात घेऊ का.

आता इथे मास्तरांनी दुःखी बापाला शोभेल असं काही बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "घे. पण मग ते वॉशिंग मशीन काढ."

"नाही. दोन्ही राहतील."

"निदान सुपरवायझर तरी काढ."

ती हसली. अडीच वर्षांत बापासमोर पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सुपरवायझर राहिला.

गाडी लावायचा प्रसंग शनिवारी घेतला. गंमत म्हणजे त्यात नटाला चालवायचंच नव्हतं, शिकवणाऱ्याच्या जागी नुसतं बसायचं होतं. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. मास्तर कॅमेऱ्यामागे उभे होते. नट फोन ऐकायचा, खिशात ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचा, "अजून तिरकी आहे." बुटकी पुन्हा घ्यायला सांगायची. तिसऱ्या खेपेला मास्तर न राहवून पुढे झाले आणि आरसा चुकीचा लावलाय म्हणून नीट करून आले. सगळे लोक थांबले. बुटकीनं बापाकडे नुसतं पाहिलं. मास्तर मागे सरकले.

सहाव्या खेपेला नटाच्या आवाजात काही तरी बदललं. तो तेच शब्द बोलला, पण आता ते शब्द म्हणजे एक माणूस दोन्ही हातांनी दार लावून धरतोय असं वाटलं. ही गाडी सरळ लागत नाही तोवर पुढचं काही घडणार नाही, एवढाच त्या माणसाचा हिशेब होता. मास्तरांनी तो माणूस बाहेरून पहिल्यांदा पाहिला. तो दगड नव्हता. भेदरला होता.

ते तिथून निघाले आणि सामानाच्या गाडीमागे एका लाकडी खोक्यावर जाऊन बसले. अडीच वर्षं न आलेलं रडू तिथे आलं. रंगभूषा करणाऱ्या बाईंना ते दिसले, त्यांनी घाईघाईत हातातला कागदी रुमाल दिला. त्याला रंग काढायचं कसलंसं औषध लागलेलं होतं. मास्तरांचे डोळे असे चुरचुरले, की ते आणखी अर्धा तास रडत होते. त्यातलं बायकोसाठी किती आणि औषधामुळे किती, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही डोळे लाल होते आणि सगळे त्यांच्याशी फार हळुवार बोलत होते. त्यांनी कुणाला औषधाचं सांगितलं नाही. थोडी किंमत वाढत असेल तर वाढू द्यावी, असा त्यांनी विचार केला.

सिनेमा पुरा व्हायला वर्ष लागलं. पहिल्यांदा दाखवला तो त्याच वस्तीतल्या सभागृहात, रविवारी सकाळी. सगळी मंडळी आली होती, दवाखान्याचे डॉक्टर, मेहुणी, गॉगल. मास्तर कडेच्या खुर्चीत बसले, अवघड झालं तर उठून जाता यावं म्हणून. वॉशिंग मशीनचा प्रसंग आला आणि लोक हसायला लागले. आधी एक, मग दहा, मग सगळं सभागृह. मास्तरांचे कान तापले. सुपरवायझर आल्यावर तर लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. आणि मग, फोनवर हात ठेवलेल्या बापाकडे लेक बघते तिथे, सगळे एकदम गप्प झाले. मास्तरांच्या मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं नाक ओढलं. बायकोच्या प्रसंगात तर सभागृहात कुणी हललं नाही. पडद्यावरची बाई त्यांच्या बायकोसारखी मुळीच दिसत नव्हती, पण गाडी मस्त चालवत होती. मास्तरांनी तिची एकही चूक काढली नाही. एक होती, वळताना तिनं दिवा दिला नव्हता. पण ते बोलले नाहीत.

बाहेर लोक भेटत होते. बँकेतला तो कारकूनही आला होता. सिनेमा पाहीपर्यंत त्याला त्या दिवसाचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो मास्तरांचा हात सोडेना. म्हणाला, की अजूनही मी गाडी तशीच सरळ लावतो. मग एक अनोळखी गृहस्थ आले, सत्तरीचे, टोपी हातात घेतलेले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "आमचा मुलगा गेला त्या दिवशी मी गॅरेजमध्ये खिळे निवडत बसलो होतो. मापाप्रमाणे, डब्यांत. आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं." एवढं बोलून ते निघूनही गेले. मास्तरांना त्यांचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

बुटकी त्यानंतर आठवडाभर घरी राहिली. दोघांनी मिळून आईचं कपाट आवरलं. मेहुणीला दोन शाली दिल्या, दवाखान्याचा कोट डॉक्टरांना परत केला. बुटकीनं आईचं घड्याळ ठेवून घेतलं. खालच्या खणात गाडीच्या परवान्याची घडी सापडली, फोटोसकट. फोटोत बायकोनं तोंड घट्ट मिटलं होतं, हसू दाबायला मिटतात तसं. मास्तरांनी तो परवाना हातात घेऊन मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघितलं, मग आपणच कपाळावर हात मारला आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

जायच्या दिवशी चहा घेताना त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की पुढचा सिनेमा कशावर. बुटकी म्हणाली, की मावशीवर करावा म्हणते. मावशीचं आयुष्य फार रंगतदार आहे.

"तिचं कसलं रंगतदार," मास्तर म्हणाले. "ती तर पोस्टात होती."

पण दुसरा सिनेमा आपल्यावर नाही, हे दिवसभर त्यांना जरा लागून राहिलं. संध्याकाळी मेहुणीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सावध केलं. म्हणाले, की पोरगी आली की पानं शेवटपर्यंत वाच, आणि पेन्सिल हातात घेऊ नकोस. मेहुणी म्हणाली, की माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मास्तरांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ एकटेच हसत बसले.